शेवटची ओळ

लिनक्सचं इन्स्टॉलेशन सुरळीत पार पडलेलं असतं. भाषा, कीबोर्ड, पासवर्ड सगळं विचारून झालेलं असतं, पट्टी शेवटपर्यंत सरकलेली असते, पेन ड्राइव्ह काढून एंटर दाबा ही सूचनाही पाळून झालेली असते. मशीन पुन्हा सुरू होतं. आधी कंपनीचा लोगो येतो, मग डिस्ट्रोचा, म्हणजे आपण निवडलेल्या लिनक्स-संचाचा, त्याच्याखाली फिरणारं चक्र. चक्र फिरता फिरता थबकतं आणि मग काहीच होत नाही.

अशा वेळी आपण वाट बघतो. किती बघायची याला नियम नाही, कारण काम करत असलेलं मशीन आणि अडकलेलं मशीन बाहेरून सारखंच दिसतं. ॲलन ट्युरिंगनं १९३६ साली सिद्ध करून ठेवलंय की, दिलेला कुठलाही प्रोग्राम कधीतरी थांबेल की कायम चालूच राहील, हे सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. निश्चल पडद्यासमोर बसलेल्या माणसाला हे आठवून फारसा दिलासा मिळत नाही. त्याच्या कामाचं एक बटण मात्र कीबोर्डवरच असतं: कॅप्स लॉक.

ते दाबून बघावं. दिवा लागला, पुन्हा दाबल्यावर विझला, म्हणजे कर्नल, लिनक्सचा गाभा, जिवंत आहे, कीबोर्डचं ऐकतोय, फक्त पडद्यावर काही दाखवू शकत नाहीये. दिवा हलतच नसेल तर दुखणं खोल आहे, किंवा मशीन अजून इतक्या सुरुवातीला आहे की कीबोर्ड चालवणारा ड्रायव्हरच लोड झालेला नाही. आणि दिवा आपण हात न लावता उघडमीट करत असेल, तर तो कर्नल पॅनिक. बऱ्याच लॅपटॉपवर कर्नल मरताना एवढी एक खूण करून जातो. स्क्रू ड्रायव्हर न उचलता, दुसऱ्या मशीनवर शोधाशोध न करता, एका बटणात एवढी माहिती मिळते. तरी बहुतेक जण पहिलं बोट ठेवतात ते पॉवरच्या बटणावर.

अशी मशीन बघत आल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. लिनक्स अडकतं तेव्हा ते गप्प नसतं. आपणच त्याला गप्प बसवलेलं असतं. आणि बोलू दिलं, की आपण नेमकी भलतीच ओळ ऐकतो.

गप्प बसवण्याचं काम दोन शब्द करतात: 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश'. बऱ्याच डेस्कटॉप डिस्ट्रो कर्नलला हे दोन शब्द देऊनच सुरू करतात. पहिल्यामुळे कर्नलचे बहुतेक संदेश पडद्यावर येत नाहीत, दुसऱ्यामुळे त्यावर लोगोचं चित्र अंथरलं जातं. हे वाईट आहे असं मी म्हणणार नाही. ज्याला फक्त पत्र टाइप करायचंय त्याला शेकडो ओळींचा धबधबा दाखवून घाबरवण्यात काय अर्थ आहे? पण मशीन अडकल्यावर तोच लोगो आड येतो. तो बाजूला करायचा तर मशीन सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबचा, म्हणजे कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू आणायचा, पहिल्या पर्यायावर 'ई' हे अक्षर दाबायचं, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ शोधायची, तिच्यातले हे दोन शब्द खोडायचे आणि एफ-१० दाबायचं. हा बदल त्या एका बूटपुरताच, म्हणजे एकदा सुरू होण्यापुरताच, टिकतो, त्यामुळे इथे धीट व्हायला हरकत नाही.

मग ओळी येतात. प्रत्येक ओळीआधी चौकटी कंसात एक आकडा असतो, कर्नल सुरू झाल्यापासून किती सेकंद गेले त्याचा, दशांशचिन्हानंतर सहा घरांपर्यंत. आधी मेमरी, मग प्रोसेसर, मग यूएसबी, डिस्क, नेटवर्क. मला ही ओळींची रांग वाचायला आवडते. नेहमी झाकलेलं असलेलं मशीन इथे आपली हजेरी घेत असतं. आकडे बघत गेलं की कुठे श्वास अडकतो ते दिसतं: सगळ्या ओळी दोन-तीन सेकंदांच्या आत, आणि मध्येच एकदम तीसची उडी. ती उडी म्हणजे कुणीतरी कुणाची तरी वाट बघत होतं.

इथपर्यंत बहुतेक जण येतात. पुढे फसतात ते शेवटच्या ओळीपाशी.

पडद्यावर जी ओळ शेवटची दिसते तिलाच आपण आरोपी धरतो. ओळ जशीच्या तशी उतरवून शोधतो, तीच ओळ लिहून आधी रडलेली शंभर माणसं सापडतात, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा निघतो. वेगळा निघणारच. त्या शंभर जणांचे आजार वेगळे आहेत, फक्त शेवटी छापलेली ओळ एक आहे. 'लोडिंग इनिशियल रॅमडिस्क' हे याचं ठळक उदाहरण. ही ओळ कर्नलची नाहीच, ती ग्रबची आहे. ग्रबने दोन फायली, कर्नल आणि रॅमडिस्क, मेमरीत ठेवल्या, कारभार कर्नलच्या हाती दिला आणि तो निघून गेला. त्यानंतर कर्नल बोलायला लागला नाही, किंवा बोलतोय पण पडद्यावर उमटत नाहीये. रॅमडिस्क बिचारी बहुतेक वेळा धडधाकट असते.

माझ्या एका मित्राचं मशीन अशाच एका ओळीवर थांबलं होतं. ओळीत डिस्कच्या पार्टिशनचं नाव, पुढे 'क्लीन' हा शब्द, मग किती फायली आणि किती ब्लॉक वापरात आहेत त्याचे मोठाले आकडे.

"डिस्क गेली रे," तो फोनवर म्हणाला. "नवी मागवतोय."

"ओळ वाच ना पुन्हा. काय लिहिलंय?"

"क्लीन."

"मग?"

"मग काय? तिथेच तर थांबलंय."

त्याचं चुकत होतं असं म्हणायला मला जड जातं. पडद्यावर डिस्कचं नाव आहे, त्यापुढे काही नाही, म्हणजे डिस्कच दोषी, असं कुणालाही वाटेल. पण ती ओळ फाइलसिस्टिम तपासणाऱ्या प्रोग्रामची पावती होती. तपासलं, स्वच्छ आहे, माझं काम संपलं. ज्याने काम संपवलं त्याचंच नाव शेवटी राहिलं. ज्याचं काम संपलं नाही, त्याने अजून काही छापलेलंच नव्हतं.

त्याला कंट्रोल, अल्ट आणि एफ-३ एकत्र दाबायला सांगितलं. पडदा क्षणभर पुसला गेला आणि लॉगइन विचारणारी साधी पांढऱ्या अक्षरांची ओळ आली. म्हणजे डिस्क चालू, बाकी मशीनही चालू. नुसता लॉगइनचा चित्रमय पडदा उभा राहत नव्हता. आत जाऊन लॉग दाखवणारं 'जर्नलसीटीएल' चालवल्यावर खरं कारण निघालं. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर लोड करायला गेल्यावर कर्नलने तो नाकारला होता: सिक्युअर बूट (ओळखीची सही असलेलंच चालू देणारी सोय) चालू आणि ड्रायव्हरवरची सही ओळखीची नाही. इन्स्टॉल करताना बाहेरचे ड्रायव्हर हवेत या चौकटीत त्याने खूण केली होती, सांगितल्यावर एक पासवर्डही दिला होता. पहिल्याच रीस्टार्टला एक निळा पडदा येतो, तिथे काही सेकंदांत बटण दाबून तोच पासवर्ड द्यायचा असतो, मग ती सही मशीनच्या नोंदीत जाते. बटण दाबलं नाही तर तो पडदा आपोआप निघून जातो. मित्र तेवढ्यात पाणी प्यायला गेला होता.

नवी डिस्क त्याने तरीही घेतली. बॅकअपला लागेल म्हणाला.

शेवटच्या ओळीवर संशय घ्यायची ही सवय मात्र आपल्याला उगाच लागलेली नाही. एके काळी ती बरोबर होती. जुन्या युनिक्सकडून आलेल्या पद्धतीत सुरुवातीच्या स्क्रिप्ट एकामागून एक चालायच्या. प्रत्येकजण आधी 'अमुक सुरू करतोय' असं छापायचा आणि काम झाल्यावर त्याच ओळीच्या टोकाला 'ओके' उमटायचं. ओके न उमटलेली ओळ हीच अडलेली ओळ. ईमेल पाठवणाऱ्या सेंडमेलपाशी मशीन मिनिटभर थांबायचं तेव्हा सेंडमेलच थांबलेलं असायचं, बहुधा मशीनचं स्वतःचं नाव नेटवर्कवर सापडत नाही म्हणून. २०१० साली ही सगळी सुरुवातीची कामं हाती घेणारं सिस्टमडी आलं, पुढच्या पाच वर्षांत फेडोरा, डेबियन, उबुंटू अशा डिस्ट्रोंत सगळीकडे पसरलं, आणि रांग मोडली. आता डझनावारी कामं एकाच वेळी सुटतात, ज्याचं आधी होईल तो आधी बोलतो. बूट जलद झालं, पण ओळींचा क्रम हा कारणांचा क्रम राहिला नाही. सिस्टमडीवर वर्षानुवर्षं झालेल्या भांडणांत मला शिरायचं नाही. एवढंच, की ज्यांनी जुनी पद्धत वापरली त्यांचा डोळा अजून तळाच्या ओळीकडे जातो, आणि ज्यांनी वापरली नाही तेही तसंच बघायला शिकलेत.

गंमत म्हणजे सिस्टमडीच कधीकधी आरोपीचं नाव ठणकावून सांगतं, आणि तेव्हा आपण ऐकत नाही. पडद्यावर लाल चांदण्या डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सरकत असतात आणि शेजारी लिहिलेलं असतं, की अमुक यूयूआयडीच्या (ओळखक्रमांकाच्या) डिस्कसाठी एक काम चालू आहे. पुढे किती वेळ गेला आणि कमाल किती, तेही. ठरीव मुदत ९० सेकंदांची असते. हे हँग नव्हे, हे नुसतं वाट पाहणं आहे, आणि मुदत पुरी झाली की मशीन बहुतेक वेळा पुढे जातं. पण साठाव्या सेकंदाला माणसाचा धीर सुटतो आणि बटण दाबलं जातं. माझ्या एका सहकाऱ्याने पुष्कळ दिवस असंच केलं. रोज मिनिटभर थांबायचं, बंद करायचं, पुन्हा तेच.

त्याच्या मशीनवर आधीची एक डिस्ट्रो होती, शेजारच्या पार्टिशनवर त्याने दुसरी घातली. नव्या इन्स्टॉलरने स्वॅपचं, म्हणजे मेमरीतला मजकूर डिस्कवर ठेवायचं, पार्टिशन दिसलं तसं नव्याने फॉरमॅट केलं. फॉरमॅट झालं की यूयूआयडी बदलतो. ३२ अंकाक्षरांची ती ओळख नव्याने तयार होते. कुठली पार्टिशनं वापरायची ते सांगणाऱ्या, जुन्या डिस्ट्रोच्या 'एफएसटॅब' फायलीत मात्र जुनीच ओळख लिहिलेली. ती रोज सकाळी इमानदारीत ९० सेकंद अशा एका पार्टिशनची वाट बघायची, जे आता जगात नव्हतं. 'बीएलकेआयडी' चालवून नवा क्रमांक घेतला, फायलीत लिहिला, काम झालं. नंतर इनिटरॅमएफएसही (वर आलेली रॅमडिस्क ती हीच) नव्याने बनवावं लागलं, कारण झोपलेलं मशीन कुठल्या स्वॅपमधून उठवायचं याची नोंद तिथेही जपून ठेवलेली असते.

इनिटरॅमएफएसबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण इन्स्टॉलनंतरच्या कितीतरी भानगडी तिथे जन्मतात. मुख्य डिस्क वाचायला ड्रायव्हर लागतो, आणि ड्रायव्हरची फाइल असते त्याच डिस्कवर. कपाटाची किल्ली कपाटातच राहिल्यासारखं. म्हणून गरजेपुरत्या ड्रायव्हरांचं एक छोटं गाठोडं बांधून ग्रब ते कर्नलसोबत आधीच मेमरीत ठेवतो. काही डिस्ट्रो त्यात जगभरचे ड्रायव्हर भरतात, काही फक्त या मशीनला लागतील तेवढेच. दुसऱ्या प्रकारात बायॉसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन डिस्कचा मोड 'रेड'वरून 'एएचसीआय'वर केला, किंवा डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, तर गाठोड्यात नेमका हवा तो ड्रायव्हर नसण्याची शक्यता असते. 'लाइव्हवर तर छान चालत होतं' या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं. इन्स्टॉल न करता लिनक्स चालवून दाखवणारा लाइव्ह पेन ड्राइव्ह कुठल्याही मशीनवर चालायचा असतो, त्यामुळे तो सगळं घेऊन फिरतो. शिवाय त्याच्या मेनूतून आपण 'सेफ ग्राफिक्स' निवडलेलं असतं आणि नंतर विसरलेलं असतं.

ग्राफिक्स हे दुखणं निराळंच. पूर्वी पडद्याचं रेझोल्यूशन ठरवणं हे कर्नलच्या बाहेर, पडद्यावर खिडक्या काढणाऱ्या एक्स सर्व्हर या प्रोग्रामकडे होतं. २००९ साली कर्नल २.६.२९ मध्ये इंटेलच्या चिप्ससाठी हे काम कर्नलच्या आत आलं, बाकीचे मागोमाग आले. फायदा मोठा झाला: बूट होताना पडदा लुकलुकायचा थांबला, कन्सोलवरही, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या पडद्यावरही, पूर्ण रेझोल्यूशन मिळायला लागलं. पण त्यामुळे ग्राफिक्सचा ड्रायव्हर बूटच्या अगदी सुरुवातीलाच पडद्याचा ताबा घेतो. तो गडबडला तर त्यानंतरचं सगळं अंधारात घडतं, संदेशांसकट. म्हणून ग्रबच्या त्याच लांबलचक ओळीत घातलेल्या 'नोमोडसेट' या एका शब्दाने इतकी मशीन उठतात. तो शब्द कर्नलला सांगतो, की पडद्याचा मोड बदलायच्या भानगडीत पडू नकोस, फर्मवेअरने, म्हणजे मशीनच्या अंगच्या सॉफ्टवेअरने, दिलाय तसाच वापर.

आणि लोक तिथेच थांबतात. नोमोडसेट घातलं, चाललं, कायमचं करून टाकलं. मग सहा महिन्यांनी विचारतात की व्हिडिओ अडखळतो का, ब्राइटनेसची बटणं का चालत नाहीत, दुसरा मॉनिटर का ओळखत नाही. नोमोडसेटने मशीन उठलं याचा अर्थ एवढाच, की दोष ग्राफिक्सच्या ड्रायव्हरात आहे. पुढे तो नवा कर्नल, राहून गेलेलं फर्मवेअर किंवा योग्य ड्रायव्हर घालून दुरुस्त करायचा असतो. कार्ड नवं आणि डिस्ट्रोतला कर्नल त्याच्या जन्माच्या आधीचा, ही जोडी फार वेळा दिसते. अशा वेळी पॅरामीटरांशी, म्हणजे कर्नलला द्यायच्या अशा शब्दांशी, खेळण्यापेक्षा अलीकडचा कर्नल असलेली आवृत्ती उतरवणं सरळ.

याहून वाईट म्हणजे मूठभर पॅरामीटर एकदम फेकणं. 'एसीपीआय ऑफ', 'नोएपिक', 'नोलॅपिक', सगळे एका ओळीत, मंत्रासारखे. त्यातलं प्रत्येक काही ना काही बंद करतं. वीज आणि हार्डवेअरचा कारभार बघणारं एसीपीआय गेलं की बॅटरी किती उरली ते दिसत नाही, मशीन झोपत नाही, बंद करताना पॉवर जात नाही, काही ठिकाणी प्रोसेसरचे बाकीचे कोर गायब. मशीन सुरू झालं खरं, पण कशामुळे झालं ते कळलं नाही, आणि जे कळलं नाही ते पुढच्या अपडेटनंतर पुन्हा दारात येणार. एका वेळी एक, आणि प्रत्येक वेळी दिसलेल्या पडद्याचा फोटो. हे कंटाळवाणं आहे, मान्य.

अडकण्याच्या सगळ्या गोष्टींत माझी आवडती गोष्ट माझ्या कुठल्या मशीनची नाही. २०१९ साली कर्नल ५.३ तयार होत होता. त्यात एक्स्ट-४ या, डिस्कवर फायली रचणाऱ्या फाइलसिस्टिममधली एक सुधारणा होती: डिस्ककडे मारायच्या फेऱ्या कमी होतील, बूट हलकं होईल. झालंही तसं. आणि त्याबरोबर काही मशीन बूट होताना कायमची थांबायला लागली. डिस्कचा याच्याशी काय संबंध? संबंध असा, की कर्नल यादृच्छिक आकडे बनवण्यासाठी लागणारी अनिश्चितता इंटरप्टांच्या, म्हणजे हार्डवेअर प्रोसेसरला मारतं त्या हाकांच्या, वेळांमधून गोळा करायचा. डिस्क कमी बोलायला लागली, इंटरप्ट घटले, साठा भरेना. लॉगइनच्या पडद्याला सुरुवातीलाच एक यादृच्छिक आकडा हवा होता. तो मागून स्वस्थ बसला. बाकी मशीन त्याच्यासाठी थांबलं. सगळेच थांबल्यामुळे कुठे काही हालचाल नाही, हालचाल नाही म्हणून इंटरप्ट नाहीत, इंटरप्ट नाहीत म्हणून आकडा नाही. या जातीच्या हँगमध्ये माणसाने वैतागून कीबोर्ड बडवला तर मशीन खरंच पुढे सरकतं, कारण बडवण्यातूनच त्याला हवी ती अनिश्चितता मिळते. त्या सुधारणेत स्वतःची चूक काही नव्हती. तरी लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने ५.३ प्रसिद्ध करताना ती मागे घेतली, आणि ५.४ मध्ये कर्नल अशा वेळी स्वतःच्या घड्याळातल्या बारीक चढउतारांतून अनिश्चितता मिळवायला लागला.

शेवटच्या ओळीकडे बघून ह्या प्रकरणाचा उलगडा कुणाला झाला असता?

पॉवरचं बटण दाबण्याआधी एक करता येतं. अल्ट आणि सिस-आरक्यू (बहुधा प्रिंट स्क्रीनचंच बटण) धरून सावकाश आर, ई, आय, एस, यू, बी. काही डिस्ट्रो यातली मोजकीच अक्षरं चालू ठेवतात, पण उबुंटूसारख्या ठिकाणी शेवटची तीन चालतात: मेमरीतलं डिस्कवर लिही, डिस्क फक्त वाचनापुरती कर, रीस्टार्ट हो. यात 'एस' महत्त्वाचा, कारण त्यामुळे लॉग डिस्कवर टिकून राहण्याची शक्यता वाढते. मग कसंही करून मशीन वर आणलं, रिकव्हरी मोडने किंवा पेन ड्राइव्हने, की 'जर्नलसीटीएल'ला 'बी' आणि उणे एक देऊन मागच्या, अडकलेल्या बूटची नोंद मागता येते. पडद्यावर न आलेलं पुष्कळ काही त्यात असतं. डिस्क लिहिण्यासाठी उघडण्याआधीच मशीन अडकलं असेल तर मात्र नोंद नसतेच. लिहायला जागाच नव्हती.

सध्या एक लॅपटॉप असाच माझ्याकडे येतोजातो. बराच वेळ बंद राहिल्यावर पहिल्यांदा सुरू केला की अडकतो. बंद करून लगेच सुरू केला की निमूट चालतो. कॅप्स लॉक हलत नाही, लॉगमध्ये त्या बूटचं नामोनिशाण नाही, मेमरीची तपासणी स्वच्छ निघते, नोमोडसेटने फरक पडत नाही. माझा संशय फर्मवेअरवर आहे आणि निर्मात्याने नवं फर्मवेअर दिलेलंही आहे. मालकाला ते घालू देण्याची हिंमत होत नाही. मध्ये वीज गेली तर, असं तो म्हणतो, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तेवढ्यापुरता त्याने स्वतःचा तोडगा काढलाय: तो लॅपटॉप बंदच करत नाही, नुसतं झाकण मिटतो. आता तीन आठवडे झाले, अपडेट साचलेत, आणि त्यातलं एक कर्नलचं असल्यामुळे रीस्टार्ट मागतंय.